पूररेषेवरची सही

लोकसभा किंवा विधानसभा लढवणाऱ्या प्रत्येकाला अर्जासोबत नमुना २६ मधले शपथपत्र द्यावे लागते. उमेदवारावर कोणते गुन्हे दाखल आहेत, त्याच्या आणि घरच्यांच्या नावावर किती जमीन, किती सोने, किती कर्ज आहे, शिक्षण कुठवर झाले, हे सगळे त्यात असते आणि कुणालाही ते पाहता येते. मतदाराला हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये तो मान्य केला, संसदेने कायद्यात दुरुस्ती करून त्याची धार बोथट करण्याचा प्रयत्न केला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केल्यावर शपथपत्राची पद्धत पक्की झाली. मात्र या कागदावर उमेदवाराची मालमत्ता दिसते, त्याच्या निर्णयांमुळे गावाच्या नदीचे, डोंगराचे, उन्हाळ्याचे काय झाले ते दिसत नाही. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांना हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ च्या आधारे म्हटले. हक्क मान्य झाला. तो सांभाळायला आपण कुणाला निवडून देतो, हे तपासण्याची रीत मात्र अजून आपल्याकडे रुजलेली नाही. त्यासाठी लागणारे कागद उपलब्ध आहेत, पण आपण चुकीच्या जागी शोधतो. हवामानाबाबतची उमेदवाराची कामगिरी भाषणात, जाहीरनाम्यात किंवा पाच जूनच्या वृक्षारोपणाच्या छायाचित्रात सापडत नाही. जमीन, पाणी, वीज आणि पैसा यांवर त्याचा अधिकार चालत होता, तेव्हा त्याने कुठे सही केली, कुठे हात वर केला आणि कुठे तोंड उघडले नाही, यातून ती कळते.

अमेरिकेत या कामाची एक तयार पद्धत आहे. १९७० मध्ये स्थापन झालेली लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स ही संस्था तिथल्या काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याला पर्यावरणविषयक मतदानावरून शून्य ते शंभर असे गुण देते. कोणती मतदाने हिशेबात धरायची हे वेगवेगळ्या पर्यावरण संस्थांचे जाणकार ठरवतात. चालू वर्षाचे गुण वेगळे, संपूर्ण कारकिर्दीचे वेगळे. गैरहजर राहिलेल्या सदस्याला त्या मतदानापुरते विरोधी धरले जाते, हा त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा नियम, कारण अवघड प्रश्नाच्या दिवशी सभागृहाबाहेर राहणे हीसुद्धा एक भूमिकाच असते. ही पद्धत पाहिली की आपल्याकडेही तसेच प्रगतिपुस्तक करावे असा मोह होतो. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात, विधानसभेत २८८ बसतात; प्रत्येकाला गुण दिले की झाले, असे वाटते.

पण हे बी आपल्या जमिनीत तसेच उगवत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात आले. त्यामुळे आपल्याकडे सदस्याचे मत बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे नसते. शिवाय बरीच विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, एवढीच नोंद उरते. कुणी होय म्हटले, कुणी नाही, हे कायमचे हवेत विरते. वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती याचे ताजे उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन निकालाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे व्यापक धरला होता आणि त्यामुळे सरकारदप्तरी वन म्हणून न नोंदलेल्या जंगलांनाही संरक्षण मिळाले होते. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती मुख्यतः नोंद असलेल्या वनांपुरती आणली, आणि सीमेपासून शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातल्या संरक्षणविषयक रस्ते-रेल्वेसारख्या प्रकल्पांना सूट दिली. लोकसभेने ती २६ जुलै २०२३ रोजी आणि राज्यसभेने २ ऑगस्टला संमत केली, तेव्हा मणिपूरमधल्या हिंसाचारावरून सभागृहात गदारोळ चालू होता. देशाच्या जंगलांचा कार्बनसाठा कोणत्या कायद्याखाली सुरक्षित राहील हे ठरवणाऱ्या या विधेयकावर आपल्या खासदाराने कोणते मत दिले, असे कुणी विचारले तर दाखवायला कागद नाही.

तरीही त्याच विधेयकात आपल्याला हवी असलेली खूण सापडते. ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले होते. समितीने एकही बदल सुचवला नाही, पण काही सदस्यांनी आपली असहमती लिहून दिली आणि ती अहवालाला जोडली गेली. समितीच्या बैठकीत पक्षादेश चालत नाही. तिथे लिहिलेले टिपण सदस्याचे स्वतःचे असते, त्याखाली त्याचे नाव असते. म्हणजे आपल्या व्यवस्थेत प्रामाणिक नोंद मतदानाच्या आजूबाजूला सापडते: समितीच्या असहमतीत, प्रश्नोत्तरात, मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात, निधीच्या शिफारशीत, नियोजन प्राधिकरणाच्या ठरावात. अमेरिकेतले प्रगतिपुस्तक मतांवर उभे आहे, तर आपले अधिकारांवर उभे करावे लागेल. म्हणून पहिला प्रश्न असा, की या माणसाच्या हातात नेमके काय होते?

नगरसेवकापासून सुरुवात करू, कारण सर्वांत कमी विचारला जातो तो त्यालाच. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण करणारा कायदा १९७५ चा आहे. त्याखाली महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते आणि त्यावर नगरसेवक सदस्य म्हणून बसतात. रस्ता रुंदीकरणासाठी, इमारतीसाठी, मेट्रोसाठी झाडे तोडण्याचे प्रस्ताव तिथे येतात. विकास आराखड्यातले आरक्षण बदलायचे, नाला बंदिस्त करायचा, मोकळ्या जागेवर काँक्रीट ओतायचे, हेही सभागृहातूनच जाते. उन्हाळ्याचा प्रश्नही इथलाच आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले, आणि त्यातून २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला: लाटेची पूर्वसूचना, रुग्णालयांची तयारी, पाण्याची सोय, कामाच्या वेळांत बदल. हे काम दिल्लीने केले नाही, गांधीनगरने केले नाही, शहराच्या संस्थेने केले. तेव्हा ‘नगरसेवकाचा आणि हवामानाचा काय संबंध’ या प्रश्नात तथ्य नाही. आपल्या वॉर्डातल्या एखाद्या गल्लीत जाऊन पाहावे. वड-पिंपळाच्या बुंध्याला घट्ट भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, मुळांना श्वास घ्यायला आणि पाणी मुरायला वीतभर माती उरलेली नसते, आणि शेजारी लोखंडी फलकावर हे काम कुणाच्या निधीतून झाले त्याचे नाव ठळक अक्षरांत असते. तो फलकही कामगिरीची नोंदच आहे.

आमदाराच्या हातातली साधने वेगळी आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, ही नावे वर्तमानपत्रात येतात, पण त्यांचे मूळ कागद फारसे कुणी वाचत नाही. तारांकित प्रश्नांची छापील यादी एकदा तरी डोळ्यांखालून घालावी. आधी सदस्यांची नावे, मग ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनी संपणारी क्रमांक दिलेली कलमे, शेवटच्या कलमात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली मंत्र्यांचे उत्तर: ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. एका प्रश्नाखाली कधी कधी पंधरा-वीस सदस्यांची नावे असतात, म्हणून केवळ प्रश्नांची संख्या मोजून उपयोग नाही. पाहायचे ते हे, की प्रश्न कोणत्या बाजूला ओढतो आहे. दरडीखालच्या वाडीचे पुनर्वसन कुठे अडले, असे विचारणारा आमदार आणि वनविभागाच्या हरकतीमुळे रस्ता का रखडला, असे विचारणारा आमदार, दोघांचेही विषय ‘पर्यावरण’ या एकाच खात्यात मोजले जातील. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच त्यानंतर सांगितले. यादी कशी झाली, कुणी तपासली, आपल्या तालुक्यातली किती गावे तिच्यात आहेत आणि किती असायला हवीत, हे पाऊस येण्याआधी विचारणे हे आमदाराचे काम आहे. दुर्घटनेनंतर मदतीची मागणी सगळेच करतात. त्यावरून कुणाचीच परीक्षा होत नाही.

खरी परीक्षा जिथे होते ती जागा माझ्या मते पूररेषा आहे, आणि तिच्यावर जरा थांबले पाहिजे. जलसंपदा विभाग नदीकाठाच्या नकाशावर दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती लाल. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की चोवीस वर्षे निश्चिंत, असा नाही. दर पावसाळ्यात तो येण्याची शक्यता चार टक्के, लाल रेषेच्या पुराची एक टक्का, असा आहे. आणि हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर उभे असते. पाऊसच बदलला की गणित पातळ होते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ५६ फुटांच्या वर. २०१९ च्या महापुराचा अभ्यास करण्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांमुळे व बांधकामांमुळे नदीची वाहण्याची क्षमता घटल्याचे त्याने मांडले. त्याच वर्षी २ डिसेंबरला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, आणि तिने निळ्या व लाल रेषेच्या मधल्या जागेत बांधकामाला वाट दिली. अट अशी, की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच हवे.

ही अट कागदावर समंजस वाटते. जागेवर तिचा अर्थ मुरमाचा भराव असा होतो. नव्या इमारतीचे जोते उंच होते, ती सुटते. पण भराव पडण्याआधी त्या जागेत जे पाणी मावत होते ते कुठे तरी जाणारच, आणि ते शेजारच्या जुन्या, बसक्या घरात जाते. ज्याने नवा फ्लॅट घेतला तो सुरक्षित, ज्याच्या आजोबांनी घर बांधले त्याच्या चुलीत पाणी. पूररेषेबद्दल लोकप्रतिनिधी काय बोलला, यापेक्षा अशा जागांच्या परवानगीच्या वेळी तो कुठे उभा होता हे जास्त बोलके असते. इथे एक हरकत रास्त आहे: चिपळूणसारख्या शहरात अख्खी बाजारपेठ रेषेच्या आत येते, जुन्या घराची दुरुस्ती अडते, कर्ज मिळत नाही, मग लोकांच्या बाजूने रेषेला विरोध करणारा आमदार वाईट कसा? तो वाईट नाही. पण विरोधाचे दोन प्रकार आहेत, आणि कागदावर ते स्पष्ट वेगळे दिसतात. एकजण म्हणतो, नव्या पावसाच्या आकड्यांवर आणि नदीतल्या गाळाच्या मोजणीवर फेरसर्वेक्षण करा, गाळ काढा, जुन्या घरांना दुरुस्तीची सोय द्या. दुसरा म्हणतो, रेषेला स्थगिती द्या. पहिला नदीकडे बघून बोलतो. दुसऱ्याच्या मागणीचा फायदा जुन्या घरांपेक्षा मोकळ्या भूखंडांना होतो, आणि तो भूखंड कुणाच्या नावावर आहे हे पाहायला नमुना २६ कामी येतो. शपथपत्रातली स्थावर मालमत्तेची यादी आणि पूररेषेचा नकाशा शेजारी ठेवून वाचले, तर उमेदवाराच्या हवामानविषयक भूमिकेबद्दल दहा भाषणांत कळणार नाही ते कळते.

इथे कुणी म्हणेल, की एका पक्षाला झुकते माप देण्यासाठी उदाहरणे निवडली आहेत. तसे नाही. २०२० ची नियमावली महाविकास आघाडीच्या काळातली आहे. २०१९ मध्ये मुंबईतल्या आरे वसाहतीतली झाडे रात्रीतून तोडली गेली ती त्याआधीच्या युती सरकारच्या काळात. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने म्हटले. पक्षाच्या रंगावरून हवामानाची कामगिरी ओळखता येत नाही, आणि २०२२ व २०२३ मध्ये दोन मोठे पक्ष फुटल्यावर तर महाराष्ट्रात चिन्हावरून काहीच ओळखता येत नाही. ज्या माणसाने एका पक्षात असताना परवानगी दिली तो दुसऱ्या चिन्हावर मत मागायला येतो. नोंद चिन्हाच्या नावे ठेवली तर ती हरवते. माणसाच्या नावे ठेवली तर तो जाईल तिथे बरोबर जाते. पक्षांतराच्या या काळात व्यक्तीनिहाय नोंदीची गरज वाढली आहे.

जलयुक्त शिवारावरून आणखी एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. आपले लोकप्रतिनिधी कामाचा हिशेब देतात तो केलेल्या गोष्टींचा: इतके बंधारे, इतके किलोमीटर नाला खोलीकरण, इतकी रोपे. १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटींहून अधिक झाडे लावली गेली, आणि पुढच्या तीन वर्षांसाठी पन्नास कोटींचे लक्ष्य ठरले. रोपांची जगवणूक किती झाली यावर पुढे शंका घेतल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये विधिमंडळाची चौकशी समिती नेमली गेली. रोप लावणे हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. ते तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत राहणे ही हवामानाच्या हिशेबातली पहिली जमा. म्हणून उमेदवाराने आकडा सांगितला की त्याच्या पुढची पायरी विचारावी: बंधाऱ्यानंतर मार्चमधल्या टँकरच्या खेपा कमी झाल्या का, विहिरीची पातळी भूजल सर्वेक्षण विभागाच्या नोंदीत वर आली का? केलेली कामे मोजणे सोपे आहे, आणि सोप्या मोजमापाकडे राजकारण आपोआप वळते.

उलटही होते, आणि ते ओळखायला डोळा लागतो. काही चांगल्या हवामान-निर्णयांवर हवामानाचे नावही नसते. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, ही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी. रात्री बाराला लाइट येते, शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो, साप-बिबट्याची भीती असते, पाणी सोडून झोप लागली तर पाणी वाहून जाते. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये वाढवलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गावाजवळ सौर प्रकल्प उभारून त्यावर शेतीचे फीडर चालवण्याची आहे. सूर्य असतो तेव्हा वीज तयार होते आणि तेव्हाच पंप चालतो. कोळशाची वीज वाचते, पण गावात कुणी ते ‘कार्बन’ म्हणून मागितले नाही. ज्या आमदाराने या प्रकल्पांसाठी गायरान किंवा पडीक जागेचा प्रश्न सोडवला, उपकेंद्राचा पाठपुरावा केला, चरायला जागा जाणाऱ्या मेंढपाळांशी आधी बोलणी केली, त्याने हवामानाचे मोठे काम केले आहे, भाषणात त्या शब्दाचा उच्चार न करता. शब्द शोधणारा मतदार त्याला शून्य गुण देईल.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो हवामानाच्या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात तेव्हा. आरेच्या प्रकरणात मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव मतदानाने मंजूर केला: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोडणी सुरू झाली, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिला तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. भुयारी मेट्रोमुळे लाखो प्रवासी मोटारीऐवजी मेट्रोने जातील, हे उत्सर्जन कमी करणारेच आहे. आरेची झाडे पाणी मुरवतात, तापमान उतरवतात, हेही खरे. मग प्रस्तावाच्या बाजूने हात वर करणाऱ्याला वजा गुण द्यायचे की अधिक? माझे उत्तर असे: अशा निर्णयात बाजू कोणती घेतली यावर गुण देऊ नयेत, ती कशी घेतली यावर द्यावेत. दुसऱ्या जागेचा अभ्यास मागितला का? किती झाडे याची मोजणी तपासली का? दुसरीकडे लावलेली झाडे जगली का, याचा अहवाल पुढच्या वर्षी मागितला का? कारशेड पुढे कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, उच्च न्यायालयात अडकला, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा आरेत आला. या तिन्ही वळणांवर ज्याने आपली भूमिका सरकारसोबत फिरवली त्याला मेट्रोचीही चाड नव्हती आणि झाडांचीही. रणजितसिंह निकालाच्या मुळाशीही असाच पेच होता: राजस्थान-गुजरातेतल्या सौरविजेच्या तारा आणि त्या तारांना धडकून मरणारा माळढोक. न्यायालयाला तिथे तज्ज्ञ समिती नेमावी लागली. मतदाराकडे समिती नाही, पण कारण विचारण्याचा अधिकार आहे.

यावर काहीजण म्हणतील, भारतातले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. तापमान वाढवले युरोप-अमेरिकेने, आणि आपण आपल्या नगरसेवकाकडे हिशेब मागायचा? ऐतिहासिक जबाबदारी त्यांचीच आहे, आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताने तसे ठामपणे म्हणावे. पण या लेखातली बहुतेक उदाहरणे धुराड्याची नाहीतच. पूररेषा, दरड, उष्णतेची लाट, टँकर, या सगळ्या झळ सोसण्याच्या बाजूच्या गोष्टी आहेत. पृथ्वी कुणीही तापवली असली तरी पंचगंगेचे पाणी शिरोळच्या शेतातच येणार, आणि नदीच्या पोटात भराव घालायला कुणी वॉशिंग्टनहून येत नाही. दुसरी हरकत पोटापाण्याची: रोजगार, महागाई, कांद्याचा भाव यांपुढे हवामान ही सुखवस्तूंची चैन. काढणीला आलेल्या कांद्यावर अवकाळी पाऊस पडला आणि तो चाळीत सडला, तर तो भावाचा प्रश्न की हवामानाचा, हे लासलगावच्या शेतकऱ्याला वेगळे करून सांगता येणार नाही. उष्णतेच्या लाटेत बांधकामावरच्या मजुराचा बुडालेला रोज हा रोजगाराचाच प्रश्न आहे. तिसरी हरकत नव्या उमेदवाराची, ज्याच्या नावावर सहीच नाही. ती खरी अडचण आहे. त्याच्याबद्दल निष्कर्ष कच्चा राहील हे मान्य करावे, व्यवसाय आणि मालमत्ता पाहावी, आणि एक ठरावीक स्थानिक निर्णय पुढे ठेवून त्यावर लेखी उत्तर मागावे. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते.

गप्प राहण्याची नोंद ठेवणे सर्वांत कठीण, आणि पश्चिम घाटाइतके मोठे मौन दुसरे नसेल. घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ मध्ये. त्यानंतर मार्च २०१४ पासून केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, केरळमधल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. या सहाही मसुद्यांच्या काळात केंद्रात आणि राज्यांत सरकारे आली-गेली, आणि गावे वगळा ही मागणी जवळपास सर्व बाजूंनी झाली. या क्षेत्रातल्या गावकऱ्यांची भीती समजून घेण्यासारखी आहे. घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, असे त्यांना सांगितले गेले. मसुद्यातली मुख्य बंदी मात्र खाण, दगडखाण, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अति प्रदूषणकारी लाल गटातले उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर आहे. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या कोणत्या आमदाराने, खासदाराने ही बंदीची यादी मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवली? कुणाच्या पत्रात गाव वगळण्याचे कारण शेती दिले आहे, आणि त्याच गावात खाणपट्ट्याचा अर्ज पडून आहे? माहितीच्या अधिकारात ही पत्रे मागता येतात.

मुंबईचे उदाहरण पुढच्या काळासाठी उघडे आहे. शहराचा हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते, त्यातले ७२ टक्के ऊर्जेचे, २० टक्के वाहतुकीचे, ८ टक्के कचऱ्याचे. ते २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी, २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी उतरवायचे आणि २०५० ला निव्वळ शून्यावर आणायचे, असे त्यात आहे. नगरसेवकांची मुदत त्याच्या सहाच दिवस आधी, ७ मार्चला संपली होती. पुढची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला, आणि त्या काळातल्या एकाही निर्णयावर लोकप्रतिनिधीचे नाव नाही. त्यामुळे प्रशासकाच्या राजवटीनंतर निवडून आलेले सभागृह हे हा आराखडा टेबलावर असलेले पहिलेच सभागृह. बसगाड्या किती, कचरा कुठे, नाल्याकाठच्या वस्तीचे काय, डोंगरउतारावरच्या झोपड्यांच्या संरक्षक भिंतीला पैसे कोणत्या वर्षी, यावर त्या सदस्यांचे हात वर होतील. वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका निघते, तिच्यात झाडांचे क्रमांक, जाती आणि तोडण्याचे कारण असते, आणि बैठकीनंतर इतिवृत्त. कोरी वही घेऊन पहिल्या पानापासून नोंद ठेवता येईल अशी वेळ शहराला फार क्वचित मिळते.